वाचक विचारतात : टेलिकॉम साइटवरचा डीसी पुरवठा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील छोटे इंटरनेट पुरवठादार, टॉवरची देखभाल करणारे तंत्रज्ञ आणि केबलचालक यांनी रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) व डीसी-डीसी कन्व्हर्टर (एका डीसी व्होल्टेजचे दुसरे करणारे यंत्र) यांच्या निवडीविषयी विचारले असून, ‘कोणत्या कंपनीचा घ्यावा’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक पत्रात आहे. कंपनीचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण कोयनेच्या खोऱ्यात बिनतक्रार चालणारे मॉड्यूल (रॅकमध्ये बसणारे रेक्टिफायरचे सुटे युनिट) जतच्या उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. त्यामुळे उत्तरांत नावांऐवजी मोजमापांवर भर दिला आहे. पत्रे संक्षिप्त करून छापत आहोत.

प्रश्न : आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. ओएलटी (ग्राहकांच्या फायबर लाइन जोडणारे मुख्य यंत्र), दोन स्विच, राऊटर आणि एक रेडिओ लिंक मिळून सुमारे ९०० वॅटचा लोड आहे. इन्व्हर्टर काढून उणे ४८ व्होल्टचा रेक्टिफायर आणि २०० अँपिअर-तासांची बॅटरी बँक बसवायची आहे. एका विक्रेत्याने ३,००० वॅटचे एकच युनिट सुचवले असून त्याचे एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) ५ लाख तास असल्याचे तो सांगतो. दुसऱ्याने २,००० वॅटची दोन मॉड्यूल्स आणि कंट्रोलर अशी महाग यंत्रणा सुचवली आहे. कोणती घ्यावी? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : दोन मॉड्यूल्सची यंत्रणा घ्यावी. त्यामागचे कारण नीट समजले तर पुढची खरेदीही सोपी होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एमटीबीएफविषयी. ५ लाख तास म्हणजे ५७ वर्षे होतात आणि माहितीपत्रक वाचणाऱ्याला युनिट तेवढी वर्षे चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा आकडा युनिटचे आयुष्य सांगत नाही, तर वापराच्या ऐन काळात बिघाडांचे प्रमाण किती राहील ते सांगतो. अशी १०० युनिट्स वर्षभर अखंड चालली तर मिळून ८,७६,००० तास भरतात आणि त्या हिशेबाने वर्षाला सरासरी पावणेदोन युनिट्स बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ आहे. पंख्याचे बेअरिंग झिजणे किंवा कपॅसिटर सुकणे यांचा त्यात समावेश नसतो. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा सुट्या भागांच्या बिघाडदरांवरून कागदावर काढलेला असतो. टेलकॉर्डियाच्या एसआर-३३२ पद्धतीने काढलेला आकडा आणि जुन्या अमेरिकी लष्करी हँडबुकच्या पद्धतीने काढलेला आकडा एकाच युनिटसाठी कितीतरी वेगळे येऊ शकतात, आणि २५ अंश तापमान धरून काढलेला आकडा ४५ अंशांच्या शेल्टरमध्ये लागू पडत नाही. म्हणून विक्रेत्याला पद्धत कोणती, तापमान किती आणि लोड किती टक्के धरला, हे लेखी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तो आकडा तुलनेत धरूच नये.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की युनिट बंद पडल्यापासून दुसरे बसेपर्यंत आपल्याकडे किती वेळ जाईल? आपला ९०० वॅटचा लोड ४८ व्होल्टला साधारण १९ अँपिअर घेईल. २०० अँपिअर-तासांच्या बँकेतून वापरण्याजोगे ८० टक्के धरले, तर आठ ते साडेआठ तास मिळतील. एकच युनिट असेल आणि ते शनिवारी रात्री गेले, तर सोमवारी पुण्याहून बदली युनिट येईपर्यंत ग्राहकांना सेवा मिळणार नाही. दोन मॉड्यूल्स समांतर असतील आणि एक गेले तर दुसरे लोड पेलते, आणि दुरुस्तीच्या त्या एक-दोन दिवसांतच दुसरेही स्वतःच्या दोषाने जाण्याची शक्यता फारच थोडी असते. वीज पडली किंवा न्यूट्रल तुटला तर मात्र दोन्ही एकदम जाऊ शकतात. यासाठी प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र एमसीबी द्यावा, थ्री-फेज पुरवठा असल्यास दोन्ही वेगळ्या फेजवर ठेवावीत, आणि जमल्यास तिसरे मॉड्यूल रॅकमध्ये न बसवता कपाटात ठेवावे. तारेला न जोडलेले मॉड्यूल विजेने जळत नाही.

आता २,००० वॅट पुरतात का ते पाहू. लेड-ॲसिड बँक फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या चार्जिंगवर, ५४ व्होल्टला असते. त्या व्होल्टेजला ९०० वॅट म्हणजे जवळपास १७ अँपिअर. २०० अँपिअर-तासांच्या बँकेला दहा टक्क्यांनी, म्हणजे २० अँपिअरने चार्ज करायचे झाले तर एकूण ३७ अँपिअर लागतात आणि त्याचे होतात सुमारे २,००० वॅट. म्हणजे एकटे मॉड्यूल काठावर का होईना, दोन्ही कामे पेलते आणि दोन्ही चालू असताना प्रत्येकावर निम्माच भार राहतो. नेमक्या याच ठिकाणी बरेचजण चुकीचा हिशेब करतात. ते फक्त उपकरणांचा लोड मोजतात, बॅटरीचा चार्जिंग करंट विसरतात आणि लांबलेल्या भारनियमनानंतर वीज आली की रेक्टिफायर तासन्‌तास करंट लिमिटवर तापत राहतो. कंट्रोलरमध्ये बॅटरी चार्जिंग करंटची मर्यादा ठरवण्याची सोय असलीच पाहिजे आणि ती सुरू करतानाच २० अँपिअरवर लावून घ्यावी.

हा हिशेब पूर्ण व्होल्टेजचा झाला. बहुतेक सिंगल-फेज मॉड्यूल्स १७६ व्होल्टच्या आसपासपर्यंतच पूर्ण वॅट देतात आणि त्याखाली क्षमता उतरत जाते. ‘९० ते ३०० व्होल्ट’ असे पाटीवर लिहिलेले असते ते खरेच असते, पण ९० व्होल्टला मॉड्यूल किती वॅट देईल हे पाटीवर नसते. ते माहितीपत्रकातल्या आलेखात असते. आपल्या भागात संध्याकाळी पंप सुरू असताना व्होल्टेज १६० पर्यंत उतरत असेल, तर त्या व्होल्टेजला एका मॉड्यूलमधून किती मिळेल हे त्या आलेखावरून वाचावे आणि मगच ऑर्डर द्यावी.

कार्यक्षमतेचाही हिशेब करावा. १,००० वॅटच्या अखंड लोडला ९२ टक्के कार्यक्षमतेचा रेक्टिफायर १,०८७ वॅट घेतो आणि ९६ टक्क्यांचा १,०४२ वॅट. फरक ४५ वॅटचा, म्हणजे वर्षाला सुमारे ४०० युनिट विजेचा. वीजबिलापेक्षाही मला यातली दुसरी बाजू मोठी वाटते : पहिला रेक्टिफायर स्वतःच्या अंगात ८७ वॅट उष्णता सोडतो, दुसरा ४२ वॅट. कपॅसिटर आणि पंख्याचे आयुष्य त्या उष्णतेवर ठरते. मात्र जाहिरातीतली टक्केवारी साधारण निम्म्या लोडवरची असते, आणि वीस टक्क्यांखाली ती बरीच उतरते, त्यामुळे ‘पुढे लागेल’ म्हणून चौपट क्षमतेची मॉड्यूल्स भरून ठेवण्यात फायदा नाही. रॅकमध्ये रिकामा खण ठेवावा आणि लोड वाढेल तेव्हा मॉड्यूल वाढवावे.

प्रश्न : जत तालुक्यातील दोन साइट माझ्याकडे देखभालीला आहेत. बाहेरचे कॅबिनेट आहे, वातानुकूलन नाही, लाइन शेतीपंपांच्या डीपीवरून आहे. मार्च ते मे या काळात दर वर्षी मॉड्यूल्स जातात. नवीन बसवले तरी तेच. जास्त वॅटचे मॉड्यूल घेतले तर टिकेल का? — एक तंत्रज्ञ, जत

उत्तर : टिकेलच असे नाही. आपल्या पत्रात तीन वेगवेगळी कारणे एकत्र दिसतात : उष्णता, धूळ आणि व्होल्टेज. कोणत्या कारणाने मॉड्यूल जाते हे कळल्याशिवाय नवीन घेणे म्हणजे पैसे पुन्हा त्याच खड्ड्यात घालणे होईल.

पुढचे मॉड्यूल गेले की ते भंगारात टाकण्याआधी उघडून पाहावे. वीज काढल्यानंतर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज काही वेळ राहतो, म्हणून किमान दहा मिनिटे थांबून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. इनपुटजवळ निळ्या किंवा पिवळ्या गोल चकतीसारखा एमओव्ही (जास्त व्होल्टेजचा धक्का शोषून घेणारा भाग) असतो. तो तडकलेला, काळवंडलेला आणि शेजारचा फ्यूज गेलेला असेल तर मॉड्यूल जास्त व्होल्टेजने गेले आहे. कपॅसिटरच्या माथ्यावरची फुलीसारखी खाच फुगून वर आली असेल किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसत असेल, तर उष्णतेने गेले आहे. पंख्याची पाती बोटाने फिरवताना अडखळत असतील, हीटसिंकच्या फटींत मातीचा आणि तेलकट धुळीचा थर घट्ट बसला असेल, तर हवा पोचलीच नव्हती असे समजावे. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि पुढची खरेदी कोणत्या दिशेने करायची ते ठरवून देते.

उष्णतेचे गणित कठोर आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मे होते. १०५ अंशांना ५,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर ८०,००० तास, म्हणजे नऊ वर्षे चालतो; तोच ७५ अंशांवर राहिला तर साडेचार वर्षे. बाहेर ४२ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद कॅबिनेटच्या आत ५५ अंशांपुढे जाणे मुळीच अवघड नाही आणि मॉड्यूलच्या आत त्याहून जास्त. म्हणून मॉड्यूल घेताना ‘चालण्याचे तापमान ७५ अंशांपर्यंत’ या ओळीवर समाधान मानू नये. पूर्ण वॅट कोणत्या तापमानापर्यंत मिळतात, ५० की ५५, आणि त्यापुढे किती उतरतात, हे विचारावे. त्याबरोबरच कॅबिनेटवर छपराची सावली करणे, पश्चिमेकडच्या बाजूला दुहेरी पत्रा लावणे, गरम हवा वरून बाहेर काढणे ही कामे एका मॉड्यूलच्या किमतीत होतात आणि सगळ्या मॉड्यूल्सचे व बॅटरीचेही आयुष्य वाढवतात.

जास्त वॅटचे मॉड्यूल लावून प्रत्येकावरचा भार कमी केला तर आतले तापमान थोडे उतरते, हे खरे आहे. पण आपले एमओव्ही जळत असतील तर त्याचा काहीच उपयोग नाही.

व्होल्टेजच्या बाबतीत शेतीपंपांच्या लाइनवर दोन्ही टोके दिसतात. पंप सुरू असताना व्होल्टेज खाली जाते आणि पंप एकदम बंद झाले की वर उसळते. लघुदाब ग्राहकाला ठरलेल्या व्होल्टेजच्या ६ टक्के कमी-अधिक मर्यादेत पुरवठा मिळायला हवा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण २१६ ते २४४, पण लांबच्या डीपीच्या शेवटच्या टोकाला ही मर्यादा पाळली जात नाही, हे आपण रोज पाहत असालच. सर्वांत घातक प्रकार डीपीवरचा न्यूट्रल तुटण्याचा. अशा वेळी कमी भाराच्या फेजवरचे व्होल्टेज ४०० च्या दिशेने सरकते, आणि क्षणिक सर्ज झेलण्यासाठी बनवलेला एमओव्ही ते सतत झेलू शकत नाही; तो जळतोच. त्यामुळे मॉड्यूलमध्ये ३०० व्होल्टच्या पुढे इनपुट तोडणारा रिले आतच आहे का आणि ४०० व्होल्टच्या आसपासचे व्होल्टेज बंद अवस्थेत ते सहन करते का, हे लेखी विचारावे. नसेल तर एसी पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरसह ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवावा आणि व्होल्टेज पूर्ववत झाल्यावर लगेच न जोडता एखाद-दुसऱ्या मिनिटाने जोडणारी वेळ त्यात लावावी.

साइट गावठाण फीडरवर घेता येते का, याचीही महावितरणच्या उपविभागात चौकशी करावी. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच असतो, त्यामुळे बॅटरी रोज खोलवर रिकामी होते आणि रेक्टिफायर रोज पूर्ण करंटने चार्ज करत बसतो. चांगले मॉड्यूल घेऊनही हा ताण कमी होत नाही.

डिझेल जनरेटर असल्यास मॉड्यूलमध्ये ‘वॉक-इन’ आहे का ते पाहावे. यात मॉड्यूल आपला भार काही सेकंदांत हळूहळू वाढवते, जनरेटरला धक्का बसत नाही.

प्रश्न : टॉवरवर उणे ४८ व्होल्टचा पुरवठा आहे. त्यावरून १२ व्होल्टचे कॅमेरे आणि एक जुना रेडिओ चालवायचा होता, म्हणून बाजारातला व्होल्टेज उतरवणारा स्वस्त ‘बक कन्व्हर्टर’ लावला. मीटरवर १२ व्होल्ट बरोबर आले, पण लॅन केबल जोडताच स्विचचा पोर्ट जळला. कन्व्हर्टर खराब होता का? मुळात पुरवठा उणे का असतो? — एक वाचक, विटा

उत्तर : कन्व्हर्टर खराब नव्हता, प्रकार चुकीचा होता.

टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडायची पद्धत आहे. जमिनीतून जाणाऱ्या तांब्याच्या केबलमध्ये ओल शिरली, तर जमिनीच्या तुलनेत धन असलेली तार विद्युत-रासायनिक क्रियेने झिजत जाते. ऋण असलेली तार त्यापासून वाचते. म्हणून जोडणीच्या तारा ऋण ठेवल्या गेल्या. ४८ हा आकडा २ व्होल्टच्या २४ सेलांचा आहे आणि तो पुरेसा उंच असूनही ६० व्होल्ट डीसीच्या सुरक्षित समजल्या जाणाऱ्या मर्यादेच्या खाली राहतो.

साध्या बक कन्व्हर्टरमध्ये इनपुट आणि आउटपुट यांची एक तार समाईक असते. उणे ४८ च्या व्यवस्थेत ती समाईक तार बहुधा ऋण बाजूची ठरते. म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचे ‘मायनस’ जमिनीपेक्षा ४८ व्होल्ट खाली बसले. कॅमेऱ्याच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्टच होते, म्हणून मीटरला काही चुकीचे दिसले नाही. पण कॅमेऱ्याचे धातूचे अंग आणि लॅन केबलचे शील्ड त्या मायनसला जोडलेले, आणि स्विचचे अंग रॅकमधून जमिनीला जोडलेले; केबल लावताच शील्डमधून बॅटरी जवळपास शॉर्ट झाली. पोर्ट जाण्याचे हेच कारण असावे.

येथे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरच लागतो, ज्यात इनपुट आणि आउटपुट यांच्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोन्हींत विद्युत जोड नसते. त्याचे आउटपुट मोकळे, म्हणजे जमिनीशी न जोडलेले, असल्याने त्याचे ऋण टोक आपण रॅकच्या अर्थिंगला जोडू शकतो. माहितीपत्रकात ‘१,५०० व्होल्ट डीसी आयसोलेशन’ अशा स्वरूपाची नोंद पाहावी. इनपुट ३६ ते ७५ व्होल्टचा असावा. ४० ते ६० व्होल्टवाला घेऊ नये, कारण बॅटरी उतरत असताना केबलमधील घट धरून तो वेळेआधी बंद पडतो.

ही केबलमधील घट जरा मोजून दाखवतो. उणे ४८ व्होल्टच्या उपकरणांना ४०.५ ते ५७ व्होल्ट मिळावेत असे युरोपीय मानक ईएन ३०० १३२-२ सांगते आणि बहुतेक उपकरणे तेवढ्यावर चालण्यासाठीच बनवलेली असतात. बॅटरीचे संरक्षण करणारी एलव्हीडी (व्होल्टेज फार उतरले की बॅटरी तोडणारी सोय) सेलला १.८ व्होल्ट धरून ४३.२ व्होल्टला तोडते. टॉवरच्या पायथ्यापासून २० मीटरवर उपकरण असेल आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरली असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध साधारण ०.१२५ ओहम होतो. २० अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे बॅटरी ४३.२ ला असताना उपकरणाला ४०.७ व्होल्ट मिळतात, अगदी काठावर. त्याच ठिकाणी १६ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर घट एक व्होल्टवर येते. त्यातच कन्व्हर्टर हा ठरलेले वॅट मागणारा लोड असतो. व्होल्टेज उतरले की तो करंट वाढवून घेतो, त्याने घट आणखी वाढते. दुपारी फ्लोटवर तपासलेली साइट पहाटे बॅटरी संपत आली असताना बंद पडते, तेव्हा संशय कन्व्हर्टरवर घेतला जातो. पुष्कळदा दोष केबलचा असतो.

फ्यूज किंवा एमसीबी ऋण तारेतच असावा. गाडीच्या वायरिंगच्या सवयीने तो धन तारेत घातलेला मी बऱ्याच रॅकमध्ये पाहिला आहे. धन तार जमिनीला जोडलेली असल्याने ऋण तार कोठे रॅकला टेकली, तर करंट त्या फ्यूजला वळसा घालून वाहतो आणि फ्यूज जात नाही.

कन्व्हर्टर १२० वॅटचा घेतला तर त्यावर ७०-८० वॅटच टाकावेत, आणि त्याची बॉडी रॅकच्या पत्र्याला घट्ट बसवावी, कारण पंखा नसलेल्या कन्व्हर्टरची उष्णता त्या पत्र्यातूनच बाहेर जाते. दोन कन्व्हर्टर समांतर जोडायचे असतील तर करंट शेअरिंगची सोय असलेलेच घ्यावेत. नसेल तर ज्याचे व्होल्टेज किंचित जास्त, तो एकटाच सगळा भार ओढतो. खरेदीआधी एकदा उपकरणांच्या पाट्या मात्र वाचाव्यात. बरेच रेडिओ आणि स्विच आता ३६ ते ७२ व्होल्टचा मोकळा इनपुट देतात आणि ते थेट उणे ४८ वर चालतात.

प्रश्न : पाटण तालुक्यातील डोंगरावर सिग्नल पुढे पाठवणारा आमचा रिले आहे. वळवाच्या वेळी विजा आणि पावसाळाभर दमटपणा. रेक्टिफायर घेताना काय पाहावे? उंचीचा त्रास होतो का? — एक वाचक, पाटण

उत्तर : उंचीची काळजी नको. महाबळेश्वरही समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे आणि बहुतेक मॉड्यूल्स २,००० मीटरपर्यंत क्षमता न उतरवता चालतात.

दमटपणासाठी सर्किट बोर्डावर संरक्षक लेपाचा थर, म्हणजे कन्फॉर्मल कोटिंग, असलेले मॉड्यूल मागावे आणि ते ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे. केबल कॅबिनेटमध्ये खालून, ग्लँडमधून आणि थोडे झोळ देऊन आत न्याव्यात. विजेसाठी मॉड्यूलवर विसंबू नये. एसी पॅनेलवर टाइप १ व २ चा सर्ज अरेस्टर, टॉवरवर जाणाऱ्या डीसी केबलवर वेगळा अरेस्टर, आणि अरेस्टरपासून अर्थबारपर्यंतची तार अर्ध्या मीटरहून आखूड, हे तिन्ही हवे. टॉवरचे, रॅकचे आणि वीजमीटरचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले असावे. वेगवेगळे ठेवलेले अर्थिंग ‘सुरक्षित’ असते, हा समज कातळाच्या डोंगरावर फार महागात पडतो, कारण वीज पडल्यावर त्या दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि तो उपकरणांतूनच वाट काढतो.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरील रॅकमध्ये पाणी शिरले होते. त्यातील रेक्टिफायर मॉड्यूल्स वाळवून ठेवली आहेत. आता वापरावीत का? — एक वाचक, सांगली

उत्तर : वापरू नयेत. पुराच्या पाण्यातील गाळ आणि क्षार ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत व बोर्डावरच्या भागांखाली राहतात. वरून कोरडे दिसणारे मॉड्यूल पुढच्या दमट हवेत ४०० व्होल्टच्या भागात ठिणगी पाडू शकते. नवी यंत्रणा बसवताना तळमजला टाळावा. तो टळत नसेल तर जुन्या पूररेषेच्या वर चौथरा बांधूनच रॅक उभा करावा आणि बॅटरीही त्याच उंचीवर घ्यावी.

प्रश्न : लेड-ॲसिड काढून लिथियम बॅटरी लावतो आहोत. रेक्टिफायर बदलावा लागेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : बहुधा नाही, पण सेटिंग्ज नक्की बदलाव्या लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेटचे पॅक १५ किंवा १६ सेलांचे येतात. १५ सेलांचा पॅक नाममात्र ४८ व्होल्टचा आणि १६ चा ५१.२ व्होल्टचा. १६ सेलांचा पॅक पूर्ण भरायचा तर ५७ व्होल्टच्या जवळ जावे लागते. ती उपकरणांची वरची मर्यादा असल्याने जुन्या साइटवर १५ सेलांचा पॅक जास्त सोयीचा पडतो.

लेड-ॲसिडसाठी कंट्रोलरमध्ये तापमानानुसार फ्लोट कमी करण्याची सोय चालू असते. सेलला अंशामागे ३ मिलिव्होल्ट धरले तर ४० अंशांना ५४ चे जवळपास ५३ व्होल्ट होतात. लिथियमला ही सोय बंद करावी. चार्जिंग करंटची मर्यादा बॅटरी उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर लावावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रॅकची एलव्हीडी बॅटरीच्या बीएमएसच्या (पॅकमधल्याच संरक्षण सर्किटच्या) आधी तोडेल अशी ठेवावी. बीएमएसने आधी तोडले तर बसबार (रॅकमधील डीसी पुरवठ्याची समाईक पट्टी) एकदम निर्जीव होतो आणि वीज परत आल्यावर काही रेक्टिफायर बॅटरीशिवाय नीट सुरू होत नाहीत. बॅटरी सोडवून ठेवलेली असताना रेक्टिफायर लोडसह सुरू होतो का, हे साइटवर एकदा करून पाहावे.

प्रश्न : बंद टॉवरांवरून उतरवलेली जुनी मॉड्यूल्स कुपवाडच्या बाजूला निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घ्यावीत का? — एक वाचक, कुपवाड

उत्तर : मुख्य साइटसाठी मी घेणार नाही, कपाटातले राखीव मॉड्यूल म्हणून तपासून घेण्यास हरकत नाही.

पाटीवरचा उत्पादनाचा आठवडा व वर्ष आधी वाचावे. आठ-दहा वर्षे उन्हात चाललेल्या मॉड्यूलमधील कपॅसिटरचे बहुतेक आयुष्य संपलेले असते, बाहेरून पुसून चकचकीत केले तरी. त्यानंतर लोड चाचणी. अर्धा तास बल्ब लावून पाहणे पुरेसे नाही. रेझिस्टर बँकेवर निदान तीन-चार तास पूर्ण लोड द्यावा, व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) इनपुट १८० पासून २७० पर्यंत फिरवावा, आणि आउटपुटवरचा रिपल (डीसीमध्ये उरलेला चढउतार) ऑसिलोस्कोपवर पाहावा. गरम झाल्यावर रिपल वाढत जात असेल तर आउटपुटचे कपॅसिटर सुकत आले आहेत. पंखा बदलता येण्याजोगा असेल तर तो आधीच नवा घालावा, तो स्वस्त असतो.

मॉड्यूल कोणत्या कंट्रोलरशी बोलते हेही पाहावे. प्रत्येक उत्पादकाची संदेशपद्धत आणि मागचा कनेक्टर वेगळा असतो. कनेक्टर जुळला तरी कंट्रोलर मॉड्यूलला ओळखत नसेल, तर ते स्वतःच्या ठरलेल्या व्होल्टेजवर चालत राहते, चार्जिंगची मर्यादा किंवा तापमानाची भरपाई त्याला लागू होत नाही आणि बॅटरी हळूहळू खराब होते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ते आपल्याच रॅकमध्ये लावून, कंट्रोलरच्या पडद्यावर त्याचा क्रमांक आणि करंट वेगळा दिसतो का ते पाहावे, आणि कंट्रोलरवरून फ्लोट ५४ चा ५३.५ केला की बसबारवर मीटर ५३.५ दाखवतो का, हे स्वतः तपासावे.